उंबऱ्याबाहेरची शीळ

परवा व्हिडिओ कॉलवर तुमची आतेबहीण माझ्यामागे उभी राहून शीळ घालत होती आणि तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत की ही हे कुठे शिकली. तुमच्या आईने हसून विषय बदलला. कॉल संपत आला होता आणि ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे तुमच्या आजीला माहीत आहे. लागू दे.

सुरुवात शाळेच्या शर्टाच्या कॉलरपासून करावी लागेल.

तुमची आत्या रांजणगावला कंपनीत आहे आणि आतोबा दौंडला रेल्वेत. एकीची ड्युटी शिफ्टची, दुसऱ्याची गाडीच्या वेळेची. म्हणून पोर माझ्याकडे शिरूरला असते, आत्याही इथूनच कंपनीच्या बसने जाते आणि आतोबा सुट्टी मिळेल तसे येतात. ही व्यवस्था मीच सुचवली होती. मी मूळची दौंडची, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, तिथल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. पुढे निवृत्त होईपर्यंत शिरूरला इंग्रजी शिकवलं. मुलं सांभाळणं मला नवीन नव्हतं.

ती सीनियर केजीत गेली त्या वर्षी मला पहिल्यांदा जाणवलं की शाळेत जाताना इस्त्रीची असलेली कॉलर परत येताना ओलीचिंब असते. डावीकडचं टोक दोरे सुटलेलं, कुत्र्याच्या पिल्लाने ओढावं तसं. मी कॉलरी उसवून, उलट्या करून पुन्हा शिवल्या. महिन्याभरात दुसरी बाजूही गेली. कॉलर नसेल तेव्हा वॉटरबॅगचा पट्टा, पेन्सिल, वेणीची रिबीन. एकदा देवळात आरतीला उभी असताना पुढच्या बाईच्या पदराचं टोक हिच्या तोंडात. त्या बाईंना पदर ओढला गेल्यावर कळलं.

तोंड कामात असलं की पोर जागेवर असायची, हे मला लवकर दिसलं. पट्टा चावत ती अख्खी गोष्ट ऐकायची. पट्टा काढून घेतला की पायांना चाकं लागायची. सकाळी तिला उठवणं म्हणजे ओली गोधडी उभी करण्यासारखं होतं. एका बाजूने धरलं की दुसऱ्या बाजूने घसरायची. आणि दुपार व्हायच्या आत तीच पोर भिंतींवर आपटत फिरायची, हसता हसता रडायची, आपण कशाने रडतोय हे तिलाच सांगता यायचं नाही. मधली अवस्था तिच्याकडे फार कमी होती.

आणि ज्या तोंडाला एवढं काम हवं होतं, त्याला काम नीट जमत मात्र नव्हतं. वाढदिवसाला मेणबत्ती विझेना. फुंकर गालातच फिरायची आणि थुंकी केकवर. शेवटी आतोबांनी हळूच वाकून मेणबत्ती विझवली आणि टाळ्या वाजवल्या, तर ही चिडून टेबलाखाली गेली. स्ट्रॉ दिली तर ती चावून चपटी व्हायची आणि पेलाभर सरबत तसंच राहायचं. भाताचा घास गालात तसाच. घाईत बोलली की शब्द एकमेकांवर चढायचे. शेजारच्या बाई म्हणायच्या, "लाडाने बोलते." मला ते लाडाचं वाटत नव्हतं.

दिवाळीला आम्ही सगळे आतोबांच्या घरी गेलो. त्यांचं गाव दौंडच्या अलीकडे, भीमेच्या अंगाला. पूर्वी त्या घरात मेंढरं होती. आता ऊस आहे, एक ट्रॅक्टर आहे आणि तरीही बैलांची एक जोडी आहे, कारण घरातल्या आप्पांना, म्हणजे आतोबांच्या वडिलांना, ट्रॅक्टरशी बोलता येत नाही असं ते म्हणतात. माझ्या विहीणबाई कामाच्या आणि ठाम मताच्या. आमचं दोघींचं चांगलं जमतं, म्हणजे एकमेकींना टोचून बोलल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही.

त्यांनी कॉलर पाहिली आणि परसातून कोरफडीचं पान कापून आणलं.

"बाळाचं अंगावरचं दूध तोडायला आमी ह्येच लावतो," त्या गर कॉलरला चोळत म्हणाल्या. "कडू लागलं की सवय जाती. तुमच्या लेकीला इचारलं, तर म्हनली आईला इचारा. आता कालरीला कोरफड लावाया इंग्रजी पुस्तक बघावं लागतं व्हय?"

"पुस्तक नको, पण डाग पडतो का ते बघा," मी म्हटलं.

"डाग पडला तर धुवायचा. पोरगी कापडं खाया लागली ती परवडली का?"

त्यांनी सुट्टीतले फ्रॉक, मग परत निघताना मी उसवायला सोबत नेलेले शाळेचे शर्टही व्यवस्थित चोळून, वाळवून दिले. उपाय लागू पडला. कॉलरी कोरड्या येऊ लागल्या. आत्याने दौंडला फोन करून सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्या घराला ऐकवला.

त्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. तिने वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीच्या दंडाला चावा घेतला होता. भांडण नव्हतं, खोडी नव्हती. मधल्या सुट्टीनंतर वर्गात गोंगाट होता आणि शेजारी एक दंड होता, एवढंच. दातांचे वळ उमटले होते. त्या मुलीची आई रडत नव्हती, आणि ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

प्रिन्सिपल मॅडम वाईट बाई नाहीत. मी त्यांना ओळखते, त्या मला ओळखतात, म्हणून त्या आणखीच सरळ बोलल्या. "मॅडम, तुम्ही वर्ग सांभाळलेत. चावणारं मूल मी पुढच्या वर्षी पहिलीच्या एवढ्या मोठ्या वर्गात कसं घेऊ? मला तिच्यात फरक दिसला पाहिजे. फेब्रुवारीत मी स्वतः वर्गात मागे बसेन आणि ठरवीन."

शिरूरमध्ये दुसऱ्या शाळा आहेत. पण चावऱ्या मुलीची बातमी शिरूरमध्ये एसटीच्या आधी पोचते. आणि दौंडहून उत्तर तयारच होतं. विहीणबाईंनी आत्याला फोनवर सांगितलं, "शाळा नगं म्हनती तर हिकडं आणा. गावातली शाळा दाराम्होरं हाय. आन् तुमीबी आता कंपनीचं पुरं करा, घर बघा. पोरीला आई नसली म्हंजी पोरगी आसंच करती."

आत्या तेव्हा नुकतीच लाइन लीडर झाली होती. बायकांची एक अख्खी लाइन तिच्या हाताखाली होती. त्या वर्षी ती घरी यायची तेव्हा दमलेली असायची, पण तिची मान ताठ असायची. मी तिची आई, मला ते दिसतं. ती पोरीच्या बुटांना पॉलिश करत खाली बघून म्हणाली, "आई, पहिलीत घेतलं नाही तर मी राजीनामा देणार आहे. आम्ही दोघी दौंडला जाऊ. तू मला समजावू नकोस."

"समजावत नाही," मी म्हटलं. "पण अजून फेब्रुवारी आलेला नाही. तो बूट दे इकडे, तू कापडाने नुसतं पुसते आहेस."

पुण्यात मुलांची एक थेरपिस्ट आहे असं मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं होतं. आम्ही तिघी गेलो. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो तेवढ्या वेळात पोरीने सीटबेल्टचं टोक ओलं केलं. कोरफड सगळ्या जगाला लावता येत नाही. थेरपिस्ट तुमच्या आत्यापेक्षाही लहान मुलगी होती. तिने पोरीला टेबलावरचा कापसाचा गोळा फुंकरीने पलीकडे न्यायला सांगितला, बिस्किट चावायला दिलं, ओठ मिटून गाल फुगवायला सांगितले, आरशासमोर जीभ डावीउजवीकडे फिरवायला लावली. पोर सगळं करत होती आणि काहीच जमत नव्हतं. मग थेरपिस्टने मला विचारलं, "आजी, तान्हं बाळ रडून लाल झालं तर काय करतात?"

"पाजतात."

"पाजताना ते काय करतं? चोखतं, गिळतं, श्वास घेतं. हे तिन्ही एका तालात चालतं. त्या तालावर अख्खं बाळ सैल पडतं. शांत व्हायची पहिली वाट तोंडातूनच जाते. आपण मोठेपणीही तीच वाट धरतो. जेवल्यावर बडीशेप चघळतो, परीक्षेत पेन चावतो, काम करताना गुणगुणतो. हिचा ताल अजून बसलेला नाही. जबडा, ओठ आणि श्वास एकमेकांसाठी थांबत नाहीत. म्हणून थोडक्यात तिचं भागत नाही, कॉलर जोरजोरात चावावी लागते."

"आणि कोरफड?" आत्याने विचारलं.

"पंख्याचा रेग्युलेटर काढून ठेवला आणि पंखा हळू का होत नाही म्हणून बघत बसलात."

आत्या हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

थेरपिस्टने मग नीट समजावून सांगितलं. करकरीत आणि आंबट खाल्लं की मूल जागं होतं. चिवट चावलं, घट्ट काहीतरी चोखून प्यायलं, लांब फुंकर घातली की मूल खाली बसतं. तोंड तेच, त्याला काय काम दिलं यावर सगळं. आणि हेही बजावलं की एवढ्याने सगळं सुटत नाही, झोप लागते, आवाज कमी लागतो, वेळ लागतो. मला ती आवडली. जास्त आश्वासनं देणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही.

मला व्यवस्था लावता येते. सकाळी आवळ्याची फोड, मग तव्यावर कडक केलेली भाकरी. ओली गोधडी त्यावर उठून बसायला लागली. डब्यात गाजराचे लांब तुकडे आणि चिक्की. शाळेतून आली की मी उसाचं कांडं सोलून द्यायचे आणि ती मागच्या पायरीवर बसून ते चावायची, चोखायची, चोयट्या टोपलीत टाकायची. दौंडचा ऊस एवढ्या कामाचा आहे हे तिथल्या लोकांनाही ठाऊक नसेल. संध्याकाळी घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने. आणि जेवायच्या टेबलावर कापसाच्या गोळ्याची शर्यत, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. मी मुद्दाम हरले नाही. माझी फुंकरही काही फार चांगली नाही. एक नियम कडक होता: तोंडात काही असेल तर बसायचं, उठायचं असेल तर तोंड रिकामं करायचं.

घरातला फरक लवकर दिसला. दुपारचा गोंधळ कमी झाला. पण शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा तास लांब होता, त्या तासात खायला परवानगी नव्हती आणि ते बरोबरच होतं. थेरपिस्टने चावण्यासाठी गळ्यात घालायची एक रबरी माळ दिली होती. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "तुला दात येतायत का?" दुसऱ्या दिवशी माळ नव्हती. मागाहून शाळेच्या माळ्याला ती तुळशीच्या कुंडीत पुरलेली सापडली. मी तिला रागावले नाही. मला कुणी तसं विचारलं असतं तर मीही पुरली असती.

त्या एका तासाला काय करायचं हे मला सुचत नव्हतं, आणि फेब्रुवारी जवळ येत होता.

संक्रांतीला आम्ही पुन्हा दौंडला गेलो. संध्याकाळी आप्पा बैलांना हौदावर घेऊन आले. बैल पाणी पितो तेव्हा शीळ घालायची, हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही. लांब, एकाच सुरात खाली उतरत जाणारी शीळ. ती चालू असेपर्यंत बैल मान खाली घालून पितो, असं सगळे मानतात. आप्पा मेंढरं नदीवर न्यायचे तेव्हाही हीच शीळ घालायचे. मी लहानपणी रेल्वेच्या शिट्ट्या ऐकल्या, ही नाही. म्हणून मला ती अजूनही नवी वाटते.

पोर हौदाच्या कठड्याशी उभी राहिली. आप्पांची शीळ थांबली की बैल मान वर करायचा, ओठांतून पाणी गळायचं. शीळ सुरू झाली की पुन्हा खाली. हे तिने पाहिलं आणि ओठ पुढे काढून फुंकर मारली. थुंकी उडाली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"तुला व्हय?" आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "आधी ओठ वले कर. आता गोल. एवढं मोठं न्हाई, चिंचोक्याएवढं. आन् जोरात न्हाई. च्या गरम असला की कसं करतीस? तसं."

"चहा मला देत नाहीत."

"मग तुझी आजी चुकती. दूध तरी गरम असतं का न्हाई? तसं कर."

ती ओठ गोल करायची, श्वास सोडायची, ओठ फाकायचे. पुन्हा गोल. आप्पा बैलाला शीळ घालायचे, तिच्याकडे बघायचे, पुन्हा बैलाकडे. बैलाचं पोट भरलं तरी ती हटेना. मी ओट्यावर बसून पाहत होते आणि आवाजाकडे माझं लक्ष नव्हतं. मी तिच्या खांद्यांकडे पाहत होते. ओठ छोटे झाले की श्वास लांब होत होता, आणि श्वास लांब झाला की खांदे खाली येत होते. एका जागी, उभ्याने, हातात काही नसताना, तोंडात काही नसताना. मधल्या सुट्टीनंतरचा तास माझ्यासमोर उभा राहिला.

तेवढ्यात विहीणबाई तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"आवं, काय चाललंय? पोरीच्या जातीला शीळ घालाया शिकवताय व्हय? लक्षुमी जाती घरातली."

"बैल पाजतोय," आप्पा म्हणाले.

"बैल कवाच पिऊन गेला. मला दिसत न्हाई व्हय?" मग माझ्याकडे वळून, "तुमी मास्तरीण, तुमी तरी सांगा."

"विहीणबाई, शिळेने लक्ष्मी जात असती तर तुमच्या गोठ्यात ती एक दिवस राहिली नसती. आप्पा रोज दोन वेळा घालतात."

"त्ये पुरुषमाणूस."

"लक्ष्मी काय आवाजावरून पुरुष-बाई ओळखते?"

"वळखती. आमची वळखती." त्यांनी ताट खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात, पोरीला ऐकू जाऊ नये असं बोलल्या. "शाळा ठेवंना तिला. उद्या गावात शीळ घालत फिरली तर मानसं काय म्हंतील? तुमी शिरूरला ऱ्हाता. ऐकून घ्यायला मी हितं हाय."

हे मला पटलं नाही, पण कळलं. त्यांना भीती लक्ष्मीची नव्हती. पोर दौंडला यायचीच, असं त्यांनी धरलं होतं, आणि आल्यावर तिला कुणी नाव ठेवू नये असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, "ती इथे येणार नाही. पहिलीत जाणार आहे. मी सांगते म्हणून थोडे दिवस शिकू द्या."

"आन् न्हाई गेली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

आत्या दारात उभी होती. तिने हे ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता तो माझ्या नावावर नव्हता, तिच्या नोकरीवर होता. तिने मान हलवली, म्हणजे चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर एक बारीक आवाज आला. किटलीतून वाफ सुटताना सुरुवातीला येतो तेवढा. आप्पांनी आपली शीळ थांबवली. पोरीचे ओठ चिंचोक्याएवढे, डोळे बैलावर. बैलाने मान खाली घातली आणि प्यायला. तो तहानलेला होता, प्यायला असताच. पण हे मी तिला सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

शिरूरला परतल्यावर मी थेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, "ओठ गोल, फुंकर लांब. मला हेच हवं होतं, मी साबणाच्या फुग्यांनी करून घेत होते. पण तेवढं एकच धरून बसू नका, ऊस चालू ठेवा." मग मी पोरीला बिनआवाजाची शीळ शिकवली. ओठ तसेच, श्वास तसाच, आवाज नाही. वर्गात ती घालायची. आवाजाची घरी. तिने विचारलं, "बिनआवाजाची बैलाला ऐकू येते का?" मी म्हटलं, "बैलाला सगळं ऐकू येतं."

वर्गशिक्षिका तरुण होती आणि तिने साथ दिली. पोर खुर्चीतून उठायला लागली की ती फळ्याकडे तोंड करून स्वतःच ओठ गोल करायची. पोर बघायची आणि करायची. कॉलरी अजूनही कधीकधी ओल्या यायच्या. पण टोकं शाबूत असायची.

प्रिन्सिपल मॅडम आल्या त्या दिवशी शाळेच्या मैदानात शिवजयंतीच्या लेझीमचा सराव होता. हलगी वाजत होती. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, पण यापेक्षा वाईट दिवस निवडता आला नसता. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. मला आत दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. आतलं मला शिक्षिकेने नंतर सांगितलं.

मधली सुट्टी संपली. हलगी चालूच. मुलं ओरडून बोलायला लागली. मागच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम. पोरीचा हात कॉलरकडे गेला, कॉलर तोंडापर्यंत आली. शेजारी तीच मुलगी होती, जिला ती चावली होती. त्या मुलीने आपला दंड हळूच मागे घेतला. पोरीने ते पाहिलं. तिने कॉलर सोडली, ओठ गोल केले आणि श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. मैदानात हलगी थांबली, नेमकी तेव्हाच, आणि सगळ्या वर्गात एक लांब, बारीक, खाली उतरत जाणारी शीळ ऐकू आली. व्हरांड्यात मलाही आली. मी पर्स बंद केली आणि वाट पाहिली.

"कोणी घातली शीळ?" प्रिन्सिपल मॅडमचा आवाज.

मुलं मागे वळून बघायला लागली.

"मी," पोर म्हणाली. "चुकून आवाज आला. मी पाणी पाजत होते."

"कुणाला?"

"बैलाला. तो असा इकडेतिकडे करत होता."

मुलं हसली. पोरही हसली, पण उठली नाही. शिक्षिका म्हणते, त्या तासात ती एकदाही खुर्चीतून उठली नाही. आणि तास संपायला आला तेव्हा ती शेजारणीला ओठ कसे करायचे ते दाखवत होती.

प्रिन्सिपल मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "मॅडम, आमच्या शाळेत मुली वर्गात शीळ घालत नाहीत."

"मुलगे घालतात का?"

"तेही नाही."

"मग नियम बरोबर आहे," मी म्हटलं. "ती पाळेल. आवाज नको, एवढंच ना?"

"चावायला हात कॉलरपर्यंत गेला होता," त्या म्हणाल्या. "मी बघितलं. आणि परत खाली आला तेही बघितलं. पहिलीत मी तिला दरवाजाजवळ बसवीन, तिथे गर्दी कमी असते. मधूनमधून फळा पुसायला उठवीन." मग उठताना, "आणि तो बैल कसा आहे?"

"आता बरा आहे," मी म्हटलं.

आत्याला मी फोन केला नाही, ती शिफ्टवर होती. संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा मी आणि पोर कोपऱ्यावर उभ्या होतो. मी काही बोलायच्या आत पोर म्हणाली, "मी दरवाजाजवळ बसणार आहे." आत्याला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ती तिथेच रस्त्याच्या कडेला थांब्याच्या पाटीला टेकून उभी राहिली. राजीनाम्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. तिची लाइन आता मोठी झाली आहे.

उन्हाळ्यात विहीणबाई आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या. शीळ हा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आत्याची तेव्हा सकाळची शिफ्ट होती. पूर्वी आई निघाली की पोर दाराला लोंबकळायची, रडून लाल व्हायची, आणि दिवसाची सुरुवात तिथेच बिघडायची. आता ती उठून आवळा खाते, आईबरोबर दारापर्यंत येते आणि बस वळेपर्यंत शीळ घालते. बसमधल्या बायकांना ते माहीत झालं आहे. त्या खिडकीतून हात करतात.

त्या दिवशीही ती दारात उभी राहिली आणि ओठ गोल केले. विहीणबाई माझ्यामागे चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, आता होणार. त्या पुढे आल्या, कप माझ्या हातात दिला, पोरीला दोन्ही खांद्यांना धरलं आणि उचलून उंबऱ्याच्या पलीकडे, बाहेरच्या पायरीवर ठेवलं.

"घरात न्हाई घालायची," त्या म्हणाल्या. "हितं उभी ऱ्हा. आता घाल. मोठ्यानं घाल, बसला ऐकू गेली पायजे."